अक्काताईंच्या चपला

दुसरे धर्म देवाकडून आलेत का, असं माझ्या संडे स्कूलच्या वर्गातल्या मुलांनी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं: नाही, ते माणसांनी रचलेले. सगळा जन्म कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत गेला. समोरच्या अक्काताईंचा तांबडा रस्सा मी चाटूनपुसून खायची, पण त्यांनी जोतिबाचा प्रसाद पुढे केला की हात मागे घ्यायची. त्या हसून म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे बाई, तुज्या वाटणीचा मी खातो."

मागच्या वर्षी माझ्या नऊ वर्षांच्या एस्तेरला ताप आला आणि उतरताना तिच्या पायांतलं बळच घेऊन गेला. नसा सावरतील, पण पूर्ण सावरतील असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. चर्चमधली मंडळी आधी रोज यायची, मग रविवारी, मग नुसते फोन. शेवटी मी प्रभूवर चिडले. म्हणाले, तुझं एक तरी माणूस पाठव की माझ्या सोबतीला!

त्याच सुमारास अक्काताई अनवाणी दिसू लागल्या. डांबर तापलेलं, टाचांना ह्या एवढ्या भेगा. चपला तुटल्या असतील म्हणून मी त्यांच्या मापाची छान कातडी जोडी आणली. त्यांनी डबा उघडून पाहिला आणि माझ्याच हातात परत दिला. "ठेव तुज्याकडंच. मागीन तवा दे." मला झोंबलंच. मी प्रसाद घेत नाही म्हणून या माझ्या चपला घेत नाहीत, असं मनात धरून मी पाच महिने त्यांच्याशी तुटक वागले.

आणि मग तो सोमवार! एस्तेर भिंत धरत दाराशी गेली, उंबरा ओलांडला, भिंत सोडली आणि बोळात चक्क सात पावलं चालली! मी हसू की रडू? माझ्याआधी अक्काताईच ओरडल्या. हातातली कळशी टाकून धावत आल्या. "चालली की गं पोरगी! आन, आन त्या चपला!"

"आत्ता? चपला?"

"मग! पोरगी चालूस्तोवर पायात घालनार न्हाय, म्हणून जोतिबाला नवस बोललतो."

"मला सांगायचं तरी!"

"तू नवस बोलू दिला असतास व्हय?"

मी डबा आणला आणि बोळातच गुडघ्यांवर बसले. त्या पाय मागे घेत होत्या, एस्तेर त्यांचा हात धरून खिदळत होती. ती भेगाळलेली पावलं हातात घेतली आणि मला हुंदका आवरेना.

येशूवरचा माझा विश्वास तसूभरही हललेला नाही. एस्तेर औषधानं बरी झाली, प्रार्थनेनं की नवसानं, त्या वादात मी पडत नाही. पण माझ्या लेकरासाठी कुणी पाच महिने तापल्या रस्त्यावर चालावं, ती माया काय माणसांनी रचलेली? मी माणूस मागितलं होतं, आणि ते समोरच्याच दारात उभं होतं! आता मुलांनी विचारलं की मी सांगते, देवानं कुठल्या दारानं यावं हे मी ठरवायचं सोडून दिलंय.

परवा अक्काताई जोतिबाहून आल्या. "तुज्या वाटणीचा," म्हणत त्यांनी सवयीनं प्रसाद स्वतःच्याच तोंडाकडे नेला. मी ओंजळ पुढे केली.