मार्करची वही

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्या सुमारास मी धाराशिवला एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. आमचं घर अणदूरचं, शेतकऱ्याचं. पण निजामाच्या राज्यात माझी शाळा उर्दूत झालेली, म्हणून जुने कागद वाचून मराठीत उतरवायचं काम माझ्याकडं आलं. साहेब पुण्याकडून बदलून आलेले. उर्दू अक्षर दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

गावाबाहेर साहेबलोकांचा क्लब होता. क्लब म्हणजे दोन खोल्या आणि मुरूम चोपून, शेणानं सारवलेलं टेनिसचं मैदान. ते एक म्हातारा मुसलमान सांभाळायचा. त्याला सगळे मार्कर म्हणत; मी चाचा म्हणायचो आणि संध्याकाळी कचेरी सुटली की खेळ बघायला तिथं जायचो. चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळी ताणायची, कुणा साहेबाला जोडीदार नसला तर समोर उभं राहून खेळायचं, हे त्याचं काम. तो निजामाच्या काळापासून तिथं होता. पोलीस ॲक्शननंतर संशय घ्यायला तेवढं कारण पुरायचं.

एका सकाळी साहेबांनी मला आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि खणातून एक जाड वही काढली.

"मार्करची आहे. शिपायानं उचलून आणलीय. रोज खेळ संपला की कोपऱ्यात बसून यात लिहीत असतो. आकडे आहेत, चौकोन आहेत. वाचा, आणि कुणाजवळ बोलू नका."

मी वही घरी नेली आणि दार लावून वाचायला बसलो. पंधरा, तीस, चाळीस. पुन्हा पंधरा, तीस, चाळीस. एका पानावर भिंतींचा नकाशा, भिंतीत खिडक्या, छपरावर बाणाची खूण. त्याखाली लिहिलं होतं, 'राजा खूप खेळला, अंग तापलेलं असताना गार दारू प्याला आणि मेला.' कोणता राजा? कुणाच्या भिंती?

पुढं वाचत गेलो तसा उलगडा होत गेला. ती टेनिसची हकीकत होती. फ्रान्सात मठातले साधू तळहातानं चेंडू मारायचे. हात सोलायचे म्हणून मोजे आले, मग लाकडाची फळी, मग आतड्याच्या तातीनं विणलेली बॅट. चार भिंतींच्या आत, उतरत्या छपरावर चेंडू टाकून खेळ चालायचा. रबराचा चेंडू आला तेव्हा तो गवतावर उसळायला लागला आणि इंग्रजांनी खेळ अंगणात आणला. पंधरा-तीस-चाळीस हे घड्याळाच्या काट्यावरनं आलं म्हणतात, असंही होतं. हे सगळं एका गोऱ्या इंजिनिअरनं खेळता खेळता सांगितलं, असं मार्करनं लिहून ठेवलं होतं.

खरं सांगतो, तरीही माझा विश्वास बसला नाही. साधू कशाला चेंडू खेळतील? वरवर खेळाचं लिहून आत दुसरंच काही असेल, असं वाटून मी ओळीतलं पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर जोडून पाहिलं. काही निघालं नाही.

"टेनिसचा इतिहास आहे," मी साहेबांना सांगितलं.

"उर्दूत? मार्करनं लिहिलेला?" त्यांनी वही माझ्या हातातनं काढून घेतली. मग सावकाश म्हणाले, "तुम्हीही त्याच शाळेत शिकलेले, नाही का?"

त्या दिवसापासून माझ्या टेबलावर उर्दू कागद येणं बंद झालं. मी कुणाशी बोलतो, चहाला कुठं जातो, याच्यावर शिपायाची नजर असायची. वही तपासायला दुसरीकडं पाठवली. मधल्या काळात क्लबनं मार्करला काढून टाकलं. मी क्लबाकडचा रस्ताच सोडला होता. तो समोर आला असता तर काय बोललो असतो?

काही महिन्यांनी वही परत आली. 'आक्षेपार्ह काही नाही' एवढाच शेरा. साहेबांनी ती माझ्या टेबलावर टाकली. "ज्याची त्याला पोचवा."

मार्कर लोहाऱ्याला लेकीकडं राहायला गेला होता. रविवारी एसटीनं गेलो. तो ओट्यावर बसला होता. वही हातात घेतली आणि मला बसा न म्हणता एकेक पान चाळायला लागला. शेवटचं पान पाहून झाल्यावरच बोलला.

"पुरी हाय. वही तुमच्याकडंच असंल, हे मला ठावं होतं."

"कसं काय, चाचा?"

"कचेरीत ही लिपी वाचणारे तुम्ही एकलेच. मग तुम्ही मैदानाकडं यायचं बंद केलं." त्यानं आत चहा सांगितला. "पढी ना तुमी? सच सांगा, तुमाला खरं वाटलं?"

"नाही," मी म्हणालो.

त्याला राग येईल असं वाटलं होतं. तो पुढं सरकला. "मेरेकू भी शक हाय. गोरा लई थट्टेखोर होता. फकीर लोक हातानं गेंद मारतात, हे काय खरं वाटतं का? म्हणून लिहून ठेवलं. कुणी पढालिखा भेटला तर विचारू म्हणलं."

पुढं माझी बदली सोलापूरला झाली. तिथल्या वाचनालयात इंग्रजी ज्ञानकोशाचे जाड खंड होते. एका रविवारी टेनिस काढून वाचलं. साधू होते. तळहात, मोजे, भिंती, छप्पर, सगळं होतं. गार पिऊन मेलेला राजाही होता. घड्याळाचं मात्र कुणालाच नक्की माहीत नाही, असं लिहिलं होतं.

मी लोहाऱ्याला कार्ड टाकलं. उर्दू लिहून बरेच दिवस झालेले, दोनदा खाडाखोड झाली. 'चाचा, गोरा खरं बोलला होता. घड्याळाचं सोडून.'

आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं. खुशाली नाही, आभार नाहीत. एकच ओळ होती, 'किताबीचं नाव काय, आणि पान कितवं?'

मी हसलो, आणि पुढच्या रविवारी कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा वाचनालयात गेलो.