पेन्सिल बांधलेलं पुस्तक

विनोदी लेखक पुष्कळ असतील, पण वाचकाकडून हसण्याची पावती मागणारा लेखक अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच, आणि ते माझे साडू आहेत.

निवृत्त शिक्षक. फुलचूरला आमच्यापासून चौथं घर. विनोद सांगताना ते ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे कधीच पाहत नाहीत, पोटाकडे पाहतात. "तोंड खोटं हासते, साडभाऊ. पोट हाललं पाहिजे." एकदा एसटीत एक प्रवासी पुस्तक वाचताना खुदकन हसला, तर तो काय वाचतो हे कळेपर्यंत साडू आपला थांबा सोडून दोन थांबे पुढे गेले आणि उन्हात चालत परत आले. पुस्तक रेल्वेभरतीच्या परीक्षेचं निघालं.

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी त्यांनी हस्तलिखिताच्या वीस झेरॉक्स प्रती वाटल्या. प्रत्येक प्रतीला दोऱ्यानं एक पेन्सिल बांधलेली. स्मित आलं तर टिंब, हसू आलं तर रेघ, पोट हललं तर फुली. मी घरी गॅस सिलिंडर लावल्याची तारीखसुद्धा लिहून ठेवतो, म्हणून मोजणी माझ्याकडे. एकोणीस प्रतींत दोनशे बारा टिंबं, चौसष्ट रेघा आणि नऊ फुल्या भरल्या. नवांपैकी सहा फुल्या एकाच भाच्याच्या होत्या आणि त्याला साडूंची मोटरसायकल हवी होती. पान एक्केचाळीसवर मात्र कोणाचीच खूण नव्हती.

विसावी प्रत गोरेगावच्या बाजारात चहाचं दुकान चालवणाऱ्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीकडे होती. "ती शाळेतही खोटं हासत नव्हती. तिच्या खुणा पाहू, मगच छापू."

ती प्रत आली. खुणा शून्य. उलट तेलाचे सतरा डाग. ते मी प्रामाणिकपणे 'खराबी' या रकान्यात लिहिले. साडूंनी गठ्ठा कपाटावर टाकला. "झालं. लिहिणं बंद."

तीन आठवडे त्यांनी एक ओळ लिहिली नाही, कोणाच्या पोटाकडेही पाहिलं नाही. शेवटी बाजाराच्या दिवशी मी ती विसावी प्रत पिशवीत टाकली, त्यांना मोटरसायकलवर बसवून गोरेगावला नेलं आणि बाईला सरळ विचारलं, "एकही खूण काऊन नाही केली?"

"पेन्सिल कोण्या हातानं धरू, भाऊ? सासूच्या पायाले तेल लावता लावता वाचून राहिली होती मी. बुढीले दिसत नाही. हासली की म्हणे, 'फिरून वाच.' मंग तेलाच्याच हातानं पान मांगं! गुरुजी, तुमच्या पायी बुढी रात्रीची गोळी विसरे."

साडूंचं स्वतःचं पोट हलायला लागलं. मी प्रत काढून डाग पुन्हा मोजले. सतरापैकी सहा एकट्या एक्केचाळीसाव्या पानावर.

"इथं सहादा हासली?"

"नाही. त्या पानाले चूप राहे. पण सहा दिवस तेच वाचाले लावलं."

ते पान साडूंच्या बायकोवर आहे, म्हणजे माझ्या मेव्हणीवर. लिहिलेलं सगळं ते आधी तिला वाचून दाखवत. ती तोंडाला पदर लावून हसायची. पदर हलला की पान पास. तिला जाऊन चार वर्षं झाली. या पेन्सिली त्यानंतरच्या.

पुस्तक निघालं, एक्केचाळीसाव्या पानासकट, पेन्सिलीविना. माझ्या वहीतला 'खराबी' हा शब्द साडूंनी स्वतः खोडला. त्या जागी काय लिहायचं हे मी विचारलं, तर त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि वही परत दिली.

ती जागा अजून कोरीच आहे.