दुसरी खुर्ची

"आधी नवऱ्याला आणा."

मूल होत नाही म्हणून कुणी बाई सासूबरोबर आत आली, की आमच्या डॉक्टरबाई हेच म्हणायच्या. समोर दोन खुर्च्या. पेनानं दुसरी खुर्ची दाखवायच्या. "ही त्याची. सासूबाई, तुम्ही बाहेर बसा."

पनवेलच्या त्या दवाखान्यात मी आया. शिक्षण चौथी. मूल न होण्यात दोष पुरुषाचाही असतो, तरी तपासण्या बाईच्याच का होत राहतात, यावर बाईंचं संशोधन. परदेशी मासिकांत छापून यायचं. अंक आला की आधी मला दाखवायच्या.

"यात आपल्या नेऱ्याच्या, रोडपालीच्या बायका आहेत, मावशी. नावं तेवढी नाहीत."

"त्यांना वाचता येईल?"

"इंग्रजी आहे हो."

"मग कोणासाठी लिहिलंत?"

चिडायच्या नाहीत. चष्मा पुसत म्हणायच्या, "मराठीत लिहायचंय. लिहीन." मी अंक कपाटात ठेवून द्यायची. कपाट भरत गेलं, मराठी काही आलं नाही.

माझी भाची नेऱ्यात दिलेली. तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. नवरा मात्र दवाखान्याची पायरी चढेना. सासू दुसरी सून बघायला लागली. भाचीनं बाईंचे पाय धरले, तेव्हा बाई स्वतः माझ्याबरोबर रिक्षात बसून नेऱ्याला आल्या. असे घरी जाणारे डॉक्टर तुम्ही तरी पाहिलेत का?

ओट्यावर बसून त्याला नीट समजावलं. त्यानं मोबाइलमधून मान वर केली नाही. "मी काय आजारी हाय?"

सासूनं विचारलं, "तुमाला किती पोरं, डाक्टरीणबाई?"

"एकही नाही."

"मंग?"

"मग काय? माझ्या नवऱ्याला तपासायला नेलं. दोष त्यांच्यात निघाला. म्हणून मी काही दुसरा नवरा बघितला नाही."

शेजारची म्हातारी फिसकन हसली. सासूनं बाईंच्या पुढ्यातला चहाचा भरलेला कप उचलला आणि आत गेली.

परतताना रिक्षात बाई म्हणाल्या, "आमच्या यांना न विचारता त्यांचं बोलले. आणि उपयोगही झाला नाही."

भाची माहेरी आली. तिच्या जागी दुसरी गेली.

मी बाईंना म्हटलं, "तुमचं ते मराठीत असतं, तर त्या ओट्यावर कुणी वाचलं असतं."

"बहुतेक नसतं वाचलं," बाई म्हणाल्या. "पण असायला हवं होतं."

मग खरंच लिहायला बसल्या. पहिलं पान मला वाचून दाखवलं. मला काही कळलं नाही, तसं सांगितलं. हसल्या. "परत लिहिते, मावशी." पुढं दुखणं आलं. त्या दुखण्यातून उठल्या नाहीत.

आता नवे डॉक्टर आहेत. खुर्च्या त्याच.

परवा भाचीची ती सासू आली, दुसऱ्या सुनेला घेऊन. तिलाही मूल नाही. नवरा बाहेर मोटारसायकलवर बसलेला, मोबाइलात मान घालून.

"आधी त्याला आत आणा," मी म्हटलं.

"तुमी डाक्टर हाय का?"

सुनेला पुढं घालून ती आत गेली आणि दुसऱ्या खुर्चीवर ऐसपैस बसली. डॉक्टरांनी सुनेच्या तपासण्या लिहायला घेतल्या. मी बाहेरून दार ओढून घेतलं.