दावं बांधलेला फ्रीज

साल दोन हजार पंचवीस, मला चौऱ्याहत्तर पुरी झालेली. वैशाखातल्या एका पहाटे शेजारच्या घरातून आमच्या हिचा हंबरडा ऐकू आला, आणि कळलं, ज्ञानू गेला. ज्ञानू म्हणजे माझा मेहुणा, हिचा पाठचा भाऊ. पलटणीतून पेन्शनवर आला आणि उंब्रजच्या अलीकडं आमच्या भिंतीला भिंत लावून राहिला. बायको आधीच गेलेली. मेलेल्याचं चांगलंच लिहावं म्हणतात. मी चौथी शिकलेला माणूस, मला खोटं लिहायला जमत नाही. ज्ञानू तोंडाचा लय वाईट होता. आल्यागेल्यासमोर माझी अब्रू काढायचा, आणि त्यासाठी त्याला आमचा फ्रीज पुरायचा.

फ्रीज त्यानंच कॅन्टीनमधून बहिणीला आणून दिलेला. वरच्या खणात बर्फाचा डोंगर साचायचा. एकदा यानं तो खुरप्यानं खणून काढला आणि जाता जाता दाराचं रबर वीतभर कापून ठेवलं. तेव्हापासून फ्रीज बर्फ धरेना. मी म्हणायचो, रबर तू कापलंस, तूच आणून लाव. तो म्हणायचा, "माज्या खुरप्याला नावं ठेवू नगा दाजी, गॅस गेलाय. ह्यो फ्रीज न्हाई ऱ्हायला, कपाट हाय. भंगारात घाला."

"तुज्याकडनं आलेली बहीणबी जुनी झालीया. तिलाबी घालू?"

ही आत भांडं आपटायची, आणि आम्ही दोघं हसत बसायचो... रबर त्यानं आणलं नाही, मीही नाही. कापणाऱ्यानं लावावं. आजही माझं म्हणणं तेच आहे.

त्याची एकुलती लेक सुरेखा. जावई विट्याकडचा, केरळात सोनं गाळायचं दुकान. ज्ञानू मला सारखा बजावायचा, "दाजी, सुरीनं तोंड बघितल्याबिगर मला उचलू नगा. तेवढं एक काम तरी धड करा." ती निघाली होती, पण दुसऱ्या दिवशी उजाडल्याशिवाय पोचणार नव्हती. कराडची मयत गार ठेवायची शवपेटी दुसरीकडं गेलेली. रसवंतीवाल्यानं दिलेली बर्फाची लादी दुपारीच वितळली, दुसरी हायवेवर धुंडूनही मिळाली नाही. शेजाऱ्यांच्या फ्रीजमधला बर्फ त्याच्या कुशीला लावून संपला. भावकीतला बापू म्हणाला, "दिस मावळंस्तवर बघू. बर्फ घावला तर ठिवू, न्हाईतर वास सुटायच्या आत उचलायचं."

मी घरी आलो. फ्रीज भिंतीपासून ओढला, मागची जाळी पुसली, हलत होता त्या पायाखाली फरशीचा तुकडा सारला. रबर गरम फडक्यानं शेकलं, कापलेल्या जागी कणीक लिंपली. घरातल्या सगळ्या वाट्या पाणी भरून वरच्या खणात रचल्या आणि दार बैलाच्या दाव्यानं आवळून बांधलं. ते दावं अजून दाराला आहे. मशीन गुरगुरायला लागलं, हाताला गारवा लागला. गॅस गेला नव्हता! माझंच खरं होतं. जाऊन त्याच्या तोंडावर सांगावंसं वाटलं... तो तिकडं वितळलेल्या पाण्यात पडलेला.

दिवस मावळताना दावं सोडलं. पाण्यावर दुधाच्या सायीएवढा बर्फ. वाटी घेऊन गेलो. बापूनं त्यात बोट बुडवलं.

"आवं नाना, ह्यानं माशीबी गारठायची न्हाई."

"धरतोय रं. रातभर थांबा."

"तुमी थांबा फ्रीजपाशी. उचला रं!"

चौघं वाकलेच. मी खांदा दिला. दुसरं काय करणार होतो? जाळून परत आलो, आंघोळ केली, आणि वाट्या आत ठेवून दार पुन्हा दाव्यानं आवळलं. कशासाठी, ते मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखा आली. बापाच्या घराला कडी, म्हणून आमच्याच उंबऱ्यात बसली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "मामा, थांबला न्हाईसा?" मग पाणी मागितलं. मी आत जाऊन दावं सोडलं. एकूणएक वाटी दगडासारखी धरलेली. एक वाटी तांब्यात उपडी केली आणि पेला भरून तिच्या हातात दिला. रातभरचा प्रवास करून आलेली पोर, घटाघटा प्याली. "लय गार हाय," म्हणाली, आणि पेला पुढं केला. मी आणखी ओतलं.