व्हाइट कॅपची डावी बाजू

"मामा, पाठवलेला नकाशा एकदा बघ आणि हो म्हण. आम्ही जेवून निघतोय. पुढे रेंज नाही."

माझी भाची ऋचा हिमाचलातल्या शेवटच्या गावातून, चहावाल्याच्या फोनवरून बोलत होती. मी बडोद्यात सुभानपुऱ्याच्या ऑफिसात कालव्यांच्या सर्व्हेचे नकाशे करतो. माझं गिर्यारोहण पावागडच्या पायऱ्यांपुरतं. पण घरात नकाशेवाला मी एकटाच.

जुन्या गाइडात 'व्हाइट कॅप' नावाचं सोपं शिखर होतं, "हिमनदीच्या डाव्या काठावर". हिमनदी म्हणजे अगदी सावकाश सरकणारा बर्फ. आजच्या नकाशावर ते नाव नाही. दोन्ही काठांवर एकेक शिखर, उंची जवळपास सारखी. ऋचाने चढताना डाव्या हाताला येणारं, पूर्वेचं शिखर धरलं होतं आणि तंबूही त्याच्याच पायथ्याशी.

"बघून लगेच फोन करतो," म्हटलं आणि सॅटेलाइट फोटो उघडला. तिच्या तंबूच्या जागेवर, बरोबर डोक्यावर, बर्फाचा कडा लटकत होता. शिवाय गाइड म्हणत होतं, उजाडताच तंबूवर ऊन येतं. पूर्वेला डोंगर असताना ते कुठून येणार?

तेवढ्यात आमचे मालक पटेलसाहेब आले. "कुलकर्णीभाई, वाघोडियानुं ड्रॉइंग क्यारे मळशे?" वाघोडियाच्या कालव्याचं ड्रॉइंग कधी मिळणार, हा त्यांचा रोजचा प्रश्न.

"साहेब, थोडी वार. भाणीनो सवाल छे."

भाचीचा प्रश्न म्हटल्यावर त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि सवयीने विचारलं, "फ्लो कई बाजू?"

कुठलाही नकाशा आला की साहेब आधी प्रवाहाचा बाण शोधतात. आमच्या धंद्यात डावा-उजवा काठ ठरतो तो पाणी जातं तिकडे तोंड करून. बर्फही वाहतोच की! ही हिमनदी उत्तरेला वाहत होती. उत्तरेला तोंड केलं की डावा काठ पश्चिमेचा.

चहावाल्याला फोन लावला. "वो लोग तो निकल गए, बाबूजी."

"दौड़िए, भैया! रोकिए उनको!"

मग नुसती वाट बघणं. साहेबही ड्रॉइंग विसरून टेबलाशी उभे राहिले. शेवटी फोन वाजला.

"मामा, पुलावरून परत बोलावलंस. काय झालं?"

"शिखर पश्चिमेचं आहे."

"पण गाइडात डावं..."

"बर्फ वाहतो तिकडे तोंड कर. आता सांग, डावं कुठलं?"

तिने नकाशा फिरवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "अरे देवा."

शिखर झालं नाही, हवा बिघडली. पण परतताना त्यांनी समोरचा कडा कोसळताना पाहिला. आधी ठरवलेली तंबूची जागा बर्फाखाली गेली. हे मी ताईला अजून सांगितलेलं नाही.

वाघोडियाचं ड्रॉइंग दुसऱ्या दिवशी दिलं. साहेबांनी ते परत पाठवलं. बाण काढायचा राहिला होता. एरवी मी कुरकुरलो असतो. त्या दिवशी गुपचूप काढला, जरा मोठाच.