चेचकवाली

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर हातात पाटी आली नाही. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

लग्न होऊन खाप्याहून नागपूरला निघाले तेव्हा मला मोटारीत खिडकीशी बसवलं होतं. आई खाली उभी राहून म्हणाली, "पदर समोर घेत जाय वं, कमल." मी पदर ओढला. मोटार सुटली. रडू आलं नाही. आतेसासू शेजारणीला सांगत होती, "पोरगी सोशिक हाये."

माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत. मी सहा वर्षांची असताना माता आली. आमच्याकडे त्याला आजार म्हणत नसत, माता घरी आली म्हणत. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, फोडणी बंद झाली. घरात शेठचा हातमाग होता. त्याच्या खटखटीनं मातेला त्रास होईल म्हणून बाबांनी तोही थांबवला. आई रोज सकाळी माझ्या पाया पडायची. "माय, आता शांत हो," म्हणायची. देवी येऊन गेली त्याची ही खूण, म्हणून देवीचे वण. गावात ते कोणी नाव ठेवायला म्हणत नसे.

मला पाहायला आले तेव्हा आतेसासूनं हनुवटी धरून मला अंगणात नेलं. "उन्हात पाहू द्या वं. सावलीत साऱ्याच गोऱ्या दिसतात." मग आत जाऊन त्यांनी दोनशे रुपये वर मागितले. दादा स्वतःचा माग घ्यायला पैसे जमवत होता. त्यानं ते दिले आणि शेठच्याच मागावर बसून राहिला.

नागपूरला मी बिडीच्या कारखान्यात लागले. तिथं आम्ही तीन कमल होतो. मुनिमानं वहीत माझ्यापुढं 'चेचकवाली' लिहिलं. हजेरीला तो तसंच ओरडायचा, मी हात वर करायची. देवीला इकडे चेचक म्हणतात. चाळीत उर्दूचे एक म्हातारे मास्तर होते. एकदा नळावर मी त्यांना या शब्दाचा अर्थ विचारला. ते म्हणाले, "बेटी, लफ्ज तुर्की है. मतलब फूल. फोड फुलासारखे उठतात ना, म्हणून."

मी घागर भरून घरी आले. नवरा जेवत होता, त्याला सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. "मीठ दे."

दर भाऊबीजेला मी खाप्याला जायची. ओवाळलं की भाऊ ताटात ओवाळणी टाकतो. दादा दोन रुपये टाकायचा आणि मी त्याच्या पाटाखाली वीस सरकवायची. पहिल्या वर्षी तो चिडला. "बहिणीचे पैसे भाऊ घेते काय वं?" मी म्हटलं, "माझ्या तोंडाचे तू काहून भरायचे?" त्यानं नोटा उचलल्या.

यंदा दहावं वर्ष. नोटा उचलून दादा म्हणाला, "झाले वं सारे." दोनशेत आता माग येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "पुढच्या साली येशील ना?"

दहा वर्षं मी खाप्याला पैसे द्यायला जात होते. नुसतं माहेरी कसं जातात, ते मला आठवेना. मी हो म्हटलं.

दोनशे रुपये पूर्ण फिटले.