दुसरा थेंब

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे माझ्या शिक्षणाला नेमकं काय म्हणायचं, हे घरी कुणालाच माहीत नाही. आई शेजारणींना सांगते, "अँब्युलन्सचं शिकते." ते खरंच आहे. आठवड्यातले तीन दिवस मी गाडीवर शिकाऊ असते.

आमच्या गाडीत मोबाइलएवढं एक यंत्र आहे. बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून ते लॅक्टेट मोजतं. आकडा चढलेला असला, तर माणूस वरून ठीक दिसला तरी आतून धोक्यात असू शकतो. मग त्याला छोट्या दवाखान्यात न सोडता थेट मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं.

त्या सकाळी वेस्ट मांबलममधून एका आजोबांना घेतलं. तंजावरकडचे मराठी, निवृत्त क्लार्क, दोन दिवस ताप. एवढ्या दक्षिणेत माझी मराठी ऐकून ते खुलले. "अस्कं बरं आहे, अम्मा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सोड, बाराला जेवायला घरी!" 'अस्कं' म्हणजे सगळं, हे सोबत बसलेल्या त्यांच्या बायकोने, आजींनी, मला सांगितलं आणि त्या लगेच आजोबांकडे वळल्या, "घोटभर कांजी जाईना, आणि जेवायला म्हणे!"

ब्लड प्रेशर ठीक होतं. मी बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. आकडा आला सहा; एरवी तो दोनच्या आत हवा.

"पहिला थेंब पुसलास ना?" आमच्या सीनियर अक्कांनी विचारलं.

पुसला नव्हता. बोटावरच्या घामातही लॅक्टेट असतं. म्हणून पहिला थेंब पुसायचा आणि दुसरा मोजायचा. त्यातून मी सोनं गाळणाऱ्याची मुलगी! जुना दागिना आला की अप्पा कसोटीच्या दगडावरची पहिली रेघ पुसूनच टाकतात, कारण वर मुलामा असू शकतो. सोनं किती खरं, हे ते बोलतात दुसऱ्या रेघेवर. लहानपणापासून मी हे बघत आलेय.

हो म्हणावं असं क्षणभर वाटलं. पण आकडा घामाचा असला तर आजोबांची उगाच लांबवर फरफट, आणि खरा असला तर कोपऱ्यावर सोडणं जिवावरचं.

"नाही अक्का. विसरले."

"मग परत घे. रडायला संध्याकाळ आहे."

आजोबांनी स्वतःच हात पुढे केला. "हे बोट घे. अजून नऊ आहेत."

बोट पुसलं, कोरडं केलं, टोचलं. पहिला थेंब कापसाने टिपला. दुसरा पट्टीवर.

"कुठे वळवू?" ड्रायव्हर अण्णांनी विचारलं.

पाच. अजूनही चढलेलाच.

"मोठं हॉस्पिटल," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नवा वाटला. अक्कांनी तोवर फोन लावलाही होता.

डॉक्टर दारातच उभे होते. जंतुसंसर्ग रक्तात पसरत होता. वेळेत आणलंत, एवढंच ते म्हणाले. त्यावर दिवसभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

संध्याकाळी अप्पांना सगळं सांगितलं, चुकीसकट. "दुसऱ्या रेघेवर बोललीस ना? मग झालं," असं म्हणून त्यांनी दुकानातल्या सगळ्यांना चहा सांगितला.

तीन आठवड्यांनी आमची गाडी त्याच गल्लीतून रिकामी परतत होती. आजोबा फाटकाशी भाजी घेत उभे होते, थोडे वाळलेले, पण उभे. मला बघून त्यांनी एक बोट उंच केलं आणि भाजीवाल्यासकट अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "अम्मा! आज पहिला थेंब पुसलास का गं?"

"पुसला, आजोबा!" मीही खिडकीतून ओरडले.